ओव्हरक्लॉक केलेला संगणक अडखळत असेल, तर ग्राफिक्स कार्ड बदलण्यापूर्वी हे तपासा

गेम ऐन रंगात असताना पडदा काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी डेस्कटॉप दिसू लागतो आणि गेम बंद पडलेला असतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक ग्राहकांनी कार्ड गेले असे मनाशी धरलेले असते. संगणक ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला असेल तर हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो, आणि आजच्या किमती पाहता अशी घाई परवडणारी नाही.

ग्राफिक्स चिपने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज तिला नव्याने सुरू करते. पडदा काळा होतो तो त्याच वेळी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, तर त्यावरून चिप गप्प राहिली एवढेच कळते. ती का गप्प राहिली, हे आपल्यालाच शोधावे लागते.

त्यासाठी प्रथम सगळे काही मूळ स्थितीत आणावे. कार्डाचे घड्याळ (म्हणजे त्याच्या चिपचा वेग) आणि व्होल्टेज, प्रोसेसर, आणि रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी हे तयार प्रोफाइलसुद्धा. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि ते चालूच ठेवून केलेली तपासणी वाया जाते. त्यानंतर नेहमीचाच गेम नेहमीइतका वेळ खेळून पाहावा. त्रास थांबला, तर एकेक बदल परत करावा आणि प्रत्येक बदलाला किमान एक पूर्ण संध्याकाळ द्यावी.

दोष दुसऱ्याचा आणि नाव कार्डाचे, असे कसे होते याचे ठळक उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. त्यांच्यावर काही गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन बंद पडत, वास्तविक बिघाड प्रोसेसरमध्ये होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून मिळू लागला. तुमच्याकडे असा प्रोसेसर असेल, तर बायोस आधी अद्ययावत करावे. मात्र प्रोसेसरची आधीच झालेली झीज त्याने भरून येत नाही.

कार्डाच्या मेमरीबाबत एक गोष्ट फसवी आहे. अनेक आधुनिक कार्डांची मेमरी चुकलेली माहिती ओळखून ती पुन्हा पाठवते. त्यामुळे वेग मर्यादेबाहेर गेला तरी चित्र बिघडत नाही, उलट फ्रेम्स, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रे, कमी होतात. मेमरीच्या वेगाचा आकडा वाढवूनही फ्रेम्स घटत असतील, तर मागे फिरावे.

वीजपुरवठ्याकडे आम्ही विशेष लक्ष देतो. कार्ड ज्यात बसते त्या मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅट, असे मानक आहे. एकाच केबलची दोन तोंडे कार्डाला लावण्याऐवजी पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल घ्याव्यात. नुकतेच एक कार्ड ‘मेले’ म्हणून आमच्याकडे आले. त्याचा प्लग एका बाजूने नखभर बाहेर होता. खटका बसेपर्यंत तो दाबल्यावर तेच कार्ड पूर्ण भारावर दोन तास विनातक्रार चालले. प्लगला हात लावण्यापूर्वी संगणक बंद करून मुख्य स्विचही बंद करावा.

डिसेंबरात पक्की वाटलेली सेटिंग मे महिन्यात टिकेलच असे नाही. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कार्डाला थंड हवा मिळणार कोठून? उन्हाळ्यासाठी घड्याळ थोडे खाली आणावे आणि पंख्यांवरची धूळ काढावी.

सगळे मूळ स्थितीत असताना, ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पूर्ण काढून पुन्हा घातल्यावरही, बायोसच्या पडद्यावर ठिपके किंवा रंगीत पट्टे दिसत असतील आणि दुसरी केबल, दुसरा मॉनिटर लावूनही ते जात नसतील, तर बिघाड कार्डातच असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याचा उपाय कृपया करू नये. त्याने दुरुस्तीची उरलीसुरली संधीही जाते. कार्ड सुटे न आणता पूर्ण संगणक, त्याच्या केबल आणि बदललेल्या सेटिंगचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन यावे.