ध्रुवीय सील : ऋतुमानानुसार अन्नशोध

ध्रुवीय समुद्रांतील सीलचे अन्न पाण्यात असते, श्वासासाठी लागणारी हवा पाण्याच्या वर आणि दोहोंच्या मध्ये वर्षातील बराच काळ बर्फाचा थर असतो. हा थर कधी वाढतो आणि कधी फुटतो, सूर्य कधी उगवतो आणि कधी महिनोन्‌महिने दिसत नाही, यावर सील कुठे, किती खोल आणि किती वेळ शिकार करणार हे ठरते.

ध्रुवीय हिवाळा म्हणजे उपासमारीचा काळ, असे सहज वाटते. बर्फावर पिल्ले घालणाऱ्या बहुतेक सीलच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. त्यांची अंगातली चरबी आटते ती वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. अंटार्क्टिकातील वेडेल सीलची मादी दक्षिण गोलार्धाच्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास विते आणि सहा-सात आठवडे पिल्लाला पाजते. या दिवसांत ती फार कमी खाते. साठवलेली चरबी दुधावाटे पिल्लाच्या अंगात जाते आणि तिचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटू शकते. पाठोपाठ जुने केस झडून नवे येण्याचा काळ येतो. नवे केस फुटायला त्वचा उबदार राहावी लागते, म्हणून सील तासन्‌तास बर्फावर पडून राहतात आणि पाण्यात कमी उतरतात. ही सगळी तूट भरून निघते ती त्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे बर्फ दाटत असताना आणि अंधारातच.

वेडेल सील किनाऱ्याला जखडलेल्या घट्ट बर्फाखाली शिकार करतो. त्यासाठी श्वासाचे भोक उघडे ठेवणे ही त्याची रोजची मेहनत. जबडा ताणून, वरचे सुळे आणि पुढचे दात बर्फावर टेकवून तो डोके डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो आणि कडा किसून काढतो. दात झिजले की भोक राखता येत नाही. म्हाताऱ्या सीलचे आयुष्य बरेचदा या झिजेमुळेच तोकडे होते. बुडी मारण्याआधी तो श्वास बाहेर सोडतो. बुडीत लागणारा प्राणवायू मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो आणि पाण्याखाली हृदयाचे ठोके मंदावतात. सहाशे मीटरहून खोल आणि तासाभराहून लांब बुड्या त्याला जमतात, पण शिकारीच्या नेहमीच्या बुड्या याहून खूप आटोपशीर असतात.

त्याचे आवडते भक्ष्य म्हणजे अंटार्क्टिक सिल्व्हरफिश हा छोटा मासा. उजेडात हा मासा खोल जातो आणि अंधारात वर येतो, त्यामुळे ऋतू बदलला की सीलच्या बुड्यांची खोलीही बदलते. सीलच्या अंगावर कॅमेरे बसवून केलेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एक विलक्षण युक्ती दिसली. बर्फाच्या खालच्या बाजूच्या कपारीत लहान मासे दडलेले असतात. सील खालून येतो, नाकपुड्यांतून हवेचे बुडबुडे कपारीत सोडतो आणि बिथरून बाहेर पडलेला मासा पकडतो. पूर्ण अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी होतो. तेथे मिशा कामी येतात. मासा पोहून गेल्यावर पाण्यात राहिलेली सूक्ष्म हालचाल त्या टिपतात.

हिवाळ्यात बर्फाखाली अन्न येते कुठून? जपानी संशोधकांनी 2017 मध्ये पूर्व अंटार्क्टिकात आठ वेडेल सीलच्या डोक्यांवर तापमान आणि क्षारता मोजणारी यंत्रे बसवून मार्च ते सप्टेंबर या काळातील नोंदी मिळवल्या. दक्षिण गोलार्धाच्या शरदापासून, म्हणजे मार्चच्या सुमारापासून, खुल्या समुद्राच्या वरच्या थरातील उबदार पाणी किनाऱ्याकडे बर्फाखाली शिरते आणि सोबत क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या प्राण्यांसारखे जीव आणत असावे, असे त्यातून दिसले. जहाजांना तेथे त्या काळात पोचणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून या नोंदींचे मोल मोठे आहे.

तरत्या बर्फावर राहणारा क्रॅबईटर सील जवळजवळ पूर्णपणे क्रिलवर जगतो. त्याच्या दाढांना खाचा असतात. तोंडात घेतलेले पाणी त्यांतून बाहेर जाते आणि क्रिल आत अडकते.

उत्तर ध्रुवाकडे रिंग्ड सील श्वासाची भोके पुढच्या वल्ह्यासारख्या पायांच्या भक्कम नखांनी राखतो आणि बर्फाखालच्या आर्क्टिक कॉड माशांवर हिवाळा काढतो. हार्प सील वेगळी वाट धरतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळ आणि रशियाच्या वायव्येकडील श्वेत समुद्रात पिल्ले वाढवून झाली की बर्फ मागे सरेल तसा तो उत्तरेकडे दूरचा प्रवास करतो आणि शरदात पुन्हा दक्षिणेकडे वळतो. बिअर्डेड सीलची भिस्त उथळ समुद्राच्या तळावर असते. दाट, लांब मिशांनी चिखल चाचपत तो शिंपले, कोळंब्या आणि खेकडे शोधतो. अलास्का आणि रशिया यांच्यामधील बेरिंग आणि चुकची समुद्रांत तो बर्फाच्या कडेबरोबर वसंतात उत्तरेला आणि हिवाळ्यात दक्षिणेला सरकतो. अलीकडच्या दशकांत उन्हाळी बर्फाची कड उथळ भाग सोडून खोल समुद्रावर जाऊ लागली आहे. तेथे विसाव्याला बर्फ मिळाला तरी तळाचे अन्न त्याच्या आवाक्याबाहेर राहते.