वस्तऱ्याची पाठ

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या सामानाच्या ढिगातून मी एक वस्तरा आणला. पात्यावर गंजाचे ठिपके, मुठीजवळ 'शेफिल्ड' एवढंच, म्हणजे इंग्लंडातल्या पोलादाच्या शहराचं नाव, कोरलेलं. 'इंग्लंड' कुठेच नाही. 1890 च्या मॅकिन्ले कायद्यानं अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं आणि शेफिल्डवाले ते कोरू लागले. त्यामुळे हा वस्तरा बहुधा त्याआधीचा. नागपूरजवळच्या कामठीची इंग्रजी छावणी 1821 ची, रेल्वे नागपुरात पोचली 1867 ला. यापैकी कुठल्यातरी वाटेनं तो इकडे आला असावा.

पोलादाची एक वाट मात्र उलटी, इकडून तिकडे गेलेली आहे. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समननं 1740 च्या सुमारास मुशीत, म्हणजे भट्टीत तापवायच्या भांड्यात, पोलाद वितळवायला सुरुवात केली. आपल्या दख्खनमध्ये हे काम त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून चालू होतं. नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पुढे निजामाबादकडे कोनसमुद्रम लागतं. तिथलं मुशीतलं पोलाद दूरदूर जायचं. लंडनचा सुऱ्या-वस्तरे बनवणारा जेम्स स्टोडार्ट या हिंदुस्थानी पोलादावर लट्टू होता. त्यानं आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं 1820 मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील', म्हणजे चांदीचं पोलाद, असा शिक्का दिसू लागला, तो याच प्रयोगांच्या बोलबाल्यातून.

पोलाद कितीही चांगलं असलं तरी वस्तऱ्याची खरी अक्कल त्याच्या पाठीत आहे. पाठ जाड ठेवलेली असते, ती उगाच नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी सिल्लीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, टेकवून पातं फिरवलं की कोन आपोआप बसतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. हाताला काही मोजावं लागत नाही. सिल्लीवर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्यावर उलटं झालं की चामडंही कापलं जातं आणि धारही बोथट होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या न्हावीकाकांच्या धोकटीत सिल्ली असायची, पट्टा खुर्चीला टांगलेला. दाढीआधी दहा-बारा फटक्यांचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

हे न कळणाऱ्या एकाकडे मी पूर्वी दुसरा एक वस्तरा दिला होता. त्यानं तो धार लावायच्या फिरत्या चाकावर धरला, ठिणग्या उडाल्या आणि धारेची कड निळी पडली. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, उतरला. तो वस्तरा पुन्हा उभा राहिला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सिल्ली धोकटीतून गेली ती गिऱ्हाइकांच्या जिवासाठी. 1986 मध्ये मद्रासला एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण सापडले, आणि त्यानंतरच्या वर्षांत दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड ही पद्धत रुळली. ते योग्यच झालं. पण ब्लेड फेकायचं असेल तर धार लावायला कोण शिकेल?

घरी जपायचा तर आपल्या हवेत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यात पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायचं. आणि मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, असेल तर बंद डबीत अजिबात नाही. हे सेल्युलॉइड उन्हाळ्यात लवकर कुजतं आणि त्याच्या वाफेनं पातं खाल्लं जातं.

इतवारीच्या वस्तऱ्याची धार काल काळ्या मार्करनं रंगवली आणि सिल्लीवर हलकेच फिरवली. शाई सगळीकडची गेली, टोकाकडे बोटभर राहिली. तिथे पातं अजून टेकत नाही.