पुण्यातली नदीकाठची सरकारी ऑफिसं आणि जुन्या शाळांच्या इमारती

नदी, तळं किंवा समुद्राला लागून असलेल्या जागेतनं रोज लोकांचा राबता असलेली सरकारी ऑफिसं काढायची, गावात जरा उंचावर न्यायची, आणि त्यासाठी नवीन काचेची बिल्डिंग न बांधता रिकामी पडलेली जुनी शाळा दुरुस्त करून वापरायची, अशी ही नगरनियोजनातली कल्पना आहे. ऑफिसला पुराची भीती राहत नाही, काठ लोकांना मोकळा मिळतो आणि पडायला आलेली चांगली दगडी वास्तू वाचते. पण ही तिन्ही कामं एकत्र झाली तरच अर्थ आहे. ऑफिस हललं आणि मोकळी झालेली जागा बांधकामाला गेली तर शहराच्या हातात काहीच पडत नाही, उलट काठ कायमचा जातो.

पुण्याला हे का लागू पडतं ते कळायला आधी मुठा नदी बघायला लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), पण शहराला सगळ्यात जवळचं जे खडकवासला त्याची स्वतःची साठवण २ टीएमसीच्याही आत. त्यामुळे घाटात दोन दिवस जोरात पाऊस झाला आणि वरची धरणं भरलेली असली की पाणी धरून ठेवायला जागाच नसते, सोडायलाच लागतं, मग भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, गाड्या हलवा म्हणून भोंगा फिरतो. हे दरवर्षीचं झालं. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि शनिवार, नारायण, कसबा या पेठांमधले काठाजवळचे वाडे बसले. पुण्यातली जुनी माणसं अजूनही पुराच्या आधीचं आणि पुराच्या नंतरचं असंच सांगतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमधे पाणी शिरलं तेव्हा नव्या पिढीलाही ते कळलं. नदीच्या दोन्ही बाजूंना जलसंपदा खातं दोन पूररेषा आखतं, निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येऊ शकेल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन्हींच्या मधे अटी. पण रेषा आखायच्या आधीपासून जे उभं आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न नकाशावर रंग भरून सुटत नाही.

ऑफिसच्या बाबतीत खरा जीव असतो रेकॉर्डमधे. खुर्च्या, कॉम्प्युटर परत घेता येतात. पण जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, मिळकतीचे उतारे, जुने बांधकाम नकाशे, हे तळमजल्यावर किंवा बेसमेंटमधे ठेवायची आपल्याकडे पद्धत, कारण वजन जास्त आणि वरचे मजले साहेबांच्या केबिनसाठी. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरायला लागते आणि पुरानंतरचे दोन-तीन दिवस तर लाइट येण्यात आणि गाळ काढण्यातच जातात. ज्या माणसाचं घर पुरात गेलं त्याला नुकसानभरपाईसाठी कागद लागतो आणि तो कागदही त्याच पाण्यात गेलेला, असं होऊ नये एवढ्यासाठी तरी रेकॉर्ड रूम लाल रेषेच्या बाहेर पाहिजे, बाकी ऑफिस हलवायला वेळ लागला तरी चालेल.

शाळेत ऑफिस भरवणं पुण्याला नवीन नाही, विश्रामबाग वाड्याचा इतिहास म्हणजे हाच विषय आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाडा बांधला, पेशवाई गेली आणि १८२१ मधे इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. हीच पाठशाळा वाढत वाढत पुढे डेक्कन कॉलेज झाली आणि १८६८ ला येरवड्याच्या नव्या इमारतीत गेली. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाड्याला आणि विश्रामबागला आग लावली गेली, बुधवार वाडा संपला, विश्रामबागचा पुढचा भाग लोकवर्गणीची मदत घेऊन परत उभा केला. मग १९३० पासून जवळजवळ तीस वर्षं नगरपालिकेचा आणि १९५० ला महापालिका झाल्यावर तिचाही कारभार इथनंच चालला. म्हणजे पेशव्याचा वाडा, मग शाळा, मग पालिका. बाजीराव रोडवर उभं राहून वर बघितलं तर सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब आणि त्यांच्यावरची गॅलरी दिसते, आत चौक, चौकाभोवती ओसऱ्या. शंभर माणसं रांगेत उभी राहिली तरी सावलीत राहतील अशी ही रचना. महापालिका नंतर शिवाजीनगरला, नव्या पुलापलीकडच्या (म्हणजे शिवाजी पुलापलीकडच्या) स्वतःच्या इमारतीत गेली, म्हणजे गावातल्या वाड्यातनं मुठेच्या शेजारी. त्या काळी मोठी मोकळी जागा तिकडेच होती, पण त्यानंतर फार वर्षं न जाता पानशेत झालं. आज जी कल्पना मांडली जाते ती बरोबर उलट्या दिशेची आहे.

ऑफिस काठावरून उठल्यावर काय होऊ शकतं त्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण पणजी. मांडवीच्या काठावरच्या आदिलशाही राजवाड्यात आधी पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि मग गोव्याचं सचिवालय नि विधानसभा होती. २००० मधे विधानसभा पर्वरीला नदीपलीकडच्या टेकडीवर गेली. राजवाडा विकला नाही, पाडला नाही, प्रदर्शनं आणि संग्रहालयाकडे वळवला. थोडं पुढे जुनं मेडिकल कॉलेज, ते बांबोळीला हललं आणि त्या इमारतीत २००४ पासून इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची गर्दी व्हायला लागली. संध्याकाळी पणजीचा माणूस त्या काठाने फिरतो, त्याला कुणी पास विचारत नाही.

आता शाळेची इमारत ऑफिसला जमते का? बरीचशी जमते. पेठांमधल्या जुन्या शाळांचे वर्ग मोठे, उंची चांगली, खिडक्या समोरासमोर, प्रत्येक वर्गाला व्हरांड्यातनं वेगळं दार. नागरी सुविधा केंद्राला हेच लागतं, एका खोलीत मिळकतकर, दुसरीत दाखले, व्हरांड्यात बाक, आणि मे महिन्यातसुद्धा दुपारी पंख्यावर भागतं. न जमणाऱ्या गोष्टी मात्र आधीच बोलायला पाहिजेत. सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. भारतीय मानकाप्रमाणे वर्गाची जमीन दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरून करतात आणि फायलींच्या खोलीसाठी ५०० धरतात, मुलांच्या बाकांसाठी केलेल्या लाकडी तुळयांवर लोखंडी कपाटांची रांग लावली की तुळई हळूहळू वाकते आणि कुणाच्या लक्षात येतं ते खालच्या खोलीचं प्लास्टर पडल्यावर. म्हणून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हे कागदावर उरकायचं काम नाही, वाळवी लागलेली तुळईची टोकं भिंतीत असतात ती उघडून बघायला लागतात. त्याच्यानंतर वायरिंग, कारण १८७९ ची आग लावलेली होती पण आजच्या आगी बहुतेक वेळा शॉर्टसर्किटच्या. मग रॅम्प, म्हातारी माणसं पेन्शनच्या कामाला येणार आणि जुन्या शाळांचं जोतं उंच, चार-पाच पायऱ्या आहेतच. टॉयलेट जुन्या भिंतीला लावून बांधू नयेत, चुन्याच्या भिंतीत ओल धरली की सिमेंटचा गिलावा मारून ती आत कोंडतात आणि भिंत आतनं सडते. चुन्याला चुनाच पाहिजे. पार्किंगचं म्हणाल तर पेठेत ते होणारच नाही, बस आणि मेट्रोवर भिस्त ठेवूनच ऑफिस निवडावं, ज्या कामाला टेम्पो-ट्रक लागतात ते खातं इथे आणूच नये.

शाळा कुठली निवडायची हा नाजूक भाग आहे. पेठांमधली कुटुंबं कोथरूड, सिंहगड रोड, बिबवेवाडी अशी बाहेर गेली, वर्ग ओस पडले हे खरं. पण उरलेली मुलं बहुतेक करून अशा घरातली असतात ज्यांना लांबची शाळा परवडत नाही, त्यांना हलवून ऑफिसला जागा करणं हा पुनर्वापर नव्हे. चालू शाळेचा एखादा वर्गही घेऊ नये असं इथे स्पष्ट म्हणायला पाहिजे. आणि ज्या वास्तूचं नुसतं असणंच महत्त्वाचं आहे तिला वेळेत हात लावायला लागतो. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, ती वास्तू दुकानं आणि कोर्टकज्जे यांच्यात वर्षानुवर्षं मोडकळीला येत राहिली आणि डिसेंबर २०२३ मधे राष्ट्रीय स्मारकासाठी जागा ताब्यात आली तेव्हा जुनं बांधकाम पाडायलाच लागलं. स्मारक होईल, पण ज्या खोलीत ती शाळा भरली ती खोली आता नाही, आणि हे फार मोठं नुकसान आहे.

जपानमधल्या क्योतोत याचं एक चांगलं रूप दिसतं. तिथल्या गल्ल्या-मोहल्ल्यांनी १८६९ मधे स्वतःच्या वर्गणीतनं प्राथमिक शाळा काढल्या होत्या, शहराच्या मधल्या भागात मुलं कमी झाल्यावर त्यातली मेइरिन शाळा २००० मधे कलाकेंद्र झाली आणि तात्सुइके शाळा २००६ मधे मांगा म्हणजे जपानी चित्रकथांचं संग्रहालय. शाळेचं मैदान तसंच मोकळं ठेवलं, त्यावर लोक आडवे पडून पुस्तकं वाचतात. पुण्यातल्याही कित्येक शाळा देणगीवर उभ्या राहिल्यात, दारावर देणगीदारांच्या पाट्या आहेत, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. त्यामुळे इमारत महापालिकेची असो की संस्थेची, निर्णयात ही माणसं पाहिजेत. पाट्या, घंटा, स्टेज जागेवर ठेवावं आणि ऑफिस सुटल्यावर पटांगण गल्लीतल्या मुलांना खेळायला उघडं असावं.

नियमांच्या बाजूने बघितलं तर पुण्यात वारसा वास्तूंची यादी आहे, तीन श्रेणी आहेत, महापालिकेचा हेरिटेज सेल आहे. पहिल्या श्रेणीत बाहेरनं-आतनं जवळपास काही बदलता येत नाही, तिसरीत बरीच मोकळीक मिळते. ऑफिससाठी दुसरी-तिसरी श्रेणी बरी पडते.

राहिली काठाची जागा. मुळा-मुठेचा साधारण ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प २०२२ मधे सुरू झाला, तेव्हापासून झाडं, भराव आणि पात्राची रुंदी यावरनं शहरात जोरात वाद चालू आहे. एखादं ऑफिस उठलं की तिथे फूड कोर्ट, पार्किंग किंवा कॉंक्रीटची पायरी हे पहिल्यांदा सुचतं. खरं तर तिथलं बेसमेंट बुजवून, जोतं आणि कंपाउंडची भिंत काढून मातीचा उतार परत करायला पाहिजे, वाळुंज, करंज, उंबर अशी काठावरची झाडं लावायला पाहिजेत, म्हणजे पुराचं पाणी पसरायला जागा मिळेल. आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर ती जागा सार्वजनिक म्हणूनच राहील, भाडेपट्ट्याने कुणाला दिली जाणार नाही, असा ठराव ऑफिसचं सामान ट्रकमधे चढायच्या आधी महापालिकेच्या मुख्य सभेत मंजूर झालेला असावा.