‘सरकारमान्य पोस्टर संच विकत घ्यावाच लागतो’ हा गैरसमज

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत एजंट वर्षानुवर्षे सांगत आलेत: कामगार कायद्याच्या फलकांचा आमचा संच कारखान्याच्या भिंतीवर नसेल तर दंड. फलक लावणं बंधनकारक. तो अमक्याकडूनच घेणं नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 ने मागितलं ते एवढंच: कायद्याचा गोषवारा, निरीक्षकाचं आणि प्रमाणक शल्यचिकित्सकाचं (कामगारांची तपासणी करणाऱ्या नेमलेल्या डॉक्टरचं) नाव-पत्ता, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत, मुख्य दारापाशी, स्वच्छ नि वाचता येईल असं. तयार संचात निरीक्षकाची जागा कोरी असते, आणि बहुधा कोरीच राहते! कलम 61 चा कामाच्या वेळांचा तक्ता तर प्रत्येक कारखान्याचा वेगळा.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या कायद्याचा चकचकीत संच आज घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सध्याचा मजकूर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून तपासून घ्या, मोठ्या अक्षरांत छापा, मॅट लॅमिनेशन करा. चकाकणारं ट्यूबलाइटखाली वाचताच येत नाही. जिनिंगमध्ये रुईची धूळ अक्षरं झाकते, ओलं फडकं फिरवत राहा. अहिराणी बोलणाऱ्यांना मराठी फलक चालतो. डाळमिलमध्ये परप्रांतीय जास्त असतील तर हिंदी लावा.