कलम 2 की कलम 5? अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात गल्लत होते ती इथे

2013 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने व्होटिंग राइट्स ॲक्ट रद्द केला असं बरेच जण लिहितात, पण तसं झालेलं नाही. 1965 च्या त्या कायद्यात कलम 2 आणि कलम 5 ही दोन्ही वर्णभेदाविरुद्धच आहेत म्हणून एकच वाटतात, काम मात्र एकदम वेगळं.

कलम 5 म्हणजे आधी परमिशन. अलाबामा, मिसिसिपीसारख्या राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा घेऊन काळ्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवलं होतं, त्यामुळे त्या राज्यांना पुढे मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा असला, अगदी मतदान केंद्र एका इमारतीतून दुसरीकडे हलवायचं असलं तरी, आधी केंद्राच्या न्याय खात्याकडून नाहीतर वॉशिंग्टनच्या कोर्टातून मंजुरी आणावी लागायची आणि यात भेदभाव नाही हे राज्यानेच पटवून द्यायचं.

कलम 2 देशभर लागू, पण तिथे केस करावी लागते आणि सिद्ध करायचं ते केस करणाऱ्याने. सुप्रीम कोर्टाच्या 1980 च्या निकालानंतर तर भेदभावाचा हेतूच सिद्ध करा असं कोर्टं म्हणायला लागली, आता मनातला हेतू कोण कागदावर लिहून ठेवतो? शेवटी 1982 ला कायद्यात बदल झाला आणि परिणाम भेदभावाचा असला तरी पुरे असं ठरलं.

खरा फरक टेक्सासमध्ये दिसतो. 2011 ला तिथे मतदान करायला फोटो आयडी हवा असा कायदा आला, बंदुकीचं लायसन्स चालेल पण कॉलेजचं ओळखपत्र चालणार नाही. 2012 ला कलम 5 खाली वॉशिंग्टनच्या कोर्टाने तो अडवला, वापरात यायच्या आधीच. मग 25 जून 2013 ला सुप्रीम कोर्टाचा तो सुरुवातीला सांगितलेला निकाल आला, शेल्बी काउंटी नावाच्या केसमध्ये, 5 विरुद्ध 4, त्यात कलम 5 ला हात लावला नाही, कोणत्या राज्यांना ते लागू हे ठरवणारा कलम 4 मधला फॉर्म्युला काढून टाकला, म्हणजे कलम जागेवर पण परमिशन मागायला कोणी उरलंच नाही. त्याच दिवशी टेक्सासने कायदा लागू करतोय म्हणून सांगितलं.

आता हातात राहिलं कलम 2. केस झाली, सुमारे 6 लाख नोंदणीकृत मतदारांकडे यातलं एकही ओळखपत्र नाही असं 2014 ला खालच्या कोर्टाने नोंदवलं, तरी निवडणूक तोंडावर आलीय म्हणून वरच्या कोर्टांनी नियम चालू ठेवला. परिणाम भेदभावाचाच आहे हे अपील कोर्टाने मान्य केलं जुलै 2016 मध्ये, तोवर 2014 ची गव्हर्नरची निवडणूक त्याच नियमावर होऊन गेली होती.