डिझेल पिकअपमधील जादा गेज

डिझेल पिकअपच्या मूळ डॅशबोर्डवर जे दिसत नाही ते दाखवणारे गेज बाहेरून आणून बसवण्याची पद्धत. टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब (बूस्ट), एक्झॉस्टचे तापमान, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान आणि डिझेलचा दाब ही त्यातली चार मुख्य मापे. ही पद्धत रुजली उत्तर अमेरिकेत. तिथे शेतकरी, घोडे बाळगणारे, बांधकामाचे कंत्राटदार अशा सगळ्यांचे रोजचे वाहन पिकअप असते. मागे कित्येक टनांचा ट्रेलर जोडून ती रॉकी पर्वतातले चढ चढते, आणि एकाच इंजिनावर लाखो मैल चालावी अशी मालकाची अपेक्षा असते.

या प्रथेला जोर आला तो तीन इंजिनांमुळे. १९८९ मध्ये डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल घातले. त्याची शक्ती होती १६० अश्वशक्ती. याच ‘बी’ मालिकेतले इंजिन पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रक मेकॅनिकांनाही ते चांगले ओळखीचे आहे. १९९४ मध्ये फोर्डचे ७.३ लिटर ‘पॉवर स्ट्रोक’ आले. ते नेव्हिस्टार बनवत असे. २००१ मध्ये जनरल मोटर्सने इसुझूच्या भागीदारीतून ६.६ लिटर ‘ड्युरामॅक्स’ आणले. तिन्ही इंजिने दणकट, आणि थोडे जास्त डिझेल पाजले की कितीतरी जास्त ताकद देणारी. इंधन वाढवणारी ‘प्रोग्रामर’ नावाची उपकरणे बाजारात आली, मालकांनी ती लावली, आणि वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णताही वाढली. कारखान्याने हात राखून ठेवलेली मर्यादा आता मालकाच्या पायाखाली, ॲक्सिलरेटरवर आली. गेजची गरज खरी पडली ती इथे.

मूळ डॅशबोर्डवर काटे नसतात असे नाही, पण त्यांतले काही नुसते दिखाऊ असतात. फोर्डच्या अनेक पिकअपांत ऑइल प्रेशरच्या काट्यामागे दाब मोजणारा सेन्सर नसून साधा स्विच असतो. दाब साधारण ६-७ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर गेला की काटा मधोमध जाऊन बसतो आणि दाब १५ असो की ६०, तिथून हलत नाही. कूलंटच्या तापमानाचा काटाही बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो जागचा हलत नाही, म्हणजे ग्राहक उगाच घाबरून वर्कशॉपला येत नाही. चढावर ट्रेलर ओढणाऱ्याला मात्र तो मधला पट्टाच पाहायचा असतो.

बाहेरचा गेज आणला म्हणजे काम झाले असेही नाही. गेज चांगल्या कंपनीचा असला तरी तो फक्त आपला सेन्सर जिथे बसला आहे तिथले खरे सांगतो. त्यामुळे या कामात पैसा गेजवर आणि डोके जागेवर खर्च करावे लागते.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पायरोमीटर, म्हणजेच एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेज. पेट्रोल इंजिनात इंधन थोडे कमी पडले की एक्झॉस्ट तापतो. डिझेलचे उलटे आहे: हवेच्या मानाने डिझेल जितके जास्त तितकी उष्णता जास्त. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वरून सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना ७ टक्क्यांपर्यंतचा चढ लागतो आणि हवा विरळ होत जाते. पाय खाली दाबलेला असतो, डिझेल भरपूर जात असते, ऑक्सिजन मात्र कमी, त्यामुळे काटा बघता बघता चढतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात; शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि मिश्रधातू त्याआधीच नरम पडू लागतो. पिस्टनला खालून तेलाचा फवारा आणि प्रत्येक फेरीत ताजी हवा मिळते म्हणून तो टिकतो, पण ही सवलत अमर्याद नाही. सतत ओढ असताना टर्बोच्या आधी १,२५० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ६७५ अंश सेल्सिअस) वर राहू नये, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. काटा तिथे पोचला की गिअर खाली टाकायचा आणि पाय थोडा उचलायचा. इंजिनाचे फेरे वाढले की हवा वाढते आणि काटा खाली येतो.

‘टर्बोच्या आधी’ हे शब्द इथे महत्त्वाचे. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, टर्बोच्या पुढच्या पाइपात बसवणे फार सोपे आहे, म्हणून कित्येक जण तेच करतात. पण टर्बाइन फिरवण्यात वायूची उष्णता खर्च होते आणि पुढच्या पाइपातले तापमान ओढ असताना २०० ते ३०० अंश फॅरनहाइटने कमी भरते. हा फरक ठरलेला नसतो. मोकळ्या रस्त्यावर तो थोडा, चढावर जास्त, म्हणून ‘अमुक अंश मिळवून घ्या’ असला हिशेब चालत नाही. प्रोब तुटून टर्बाइनच्या पात्यांवर आदळेल ही जुनी भीती पुढे केली जाते. चांगल्या प्रोबच्या बाबतीत तसे क्वचितच घडते. तेवढ्यासाठी चुकीच्या जागी मोजणे पटण्यासारखे नाही.

मॅनिफोल्डवरही, म्हणजे सिलिंडरांतला एक्झॉस्ट गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या पाइपावरही, जागा निवडावी लागते. ५.९ कमिन्सचा मॅनिफोल्ड आतून दोन भागांत विभागलेला असतो: पुढच्या तीन सिलिंडरांचा एक, मागच्या तिघांचा दुसरा. एका भागात प्रोब घातला की तो तीनच सिलिंडरांबद्दल बोलतो. ७.३ पॉवर स्ट्रोक व्ही-८ असल्याने दोन बाजूंना दोन मॅनिफोल्ड, आणि एक प्रोब म्हणजे चारच सिलिंडरांची खबर.

भोक पाडण्याचे काम बघणाऱ्याच्या पोटात गोळा आणते, पण मॅनिफोल्ड ओतीव बिडाचा असतो आणि शांतपणे केले तर काम सोपे जाते. इंजिन पूर्ण थंड, उष्णतारोधक पत्रा काढलेला, डोळ्यांवर गॉगल. आधी पंचने खूण, मग बारीक ड्रिलने आरपार न जाता खोलवर भोक, आणि शेवटी ११/३२ इंची (सुमारे ८.७ मिमी) ड्रिल. ड्रिलच्या टोकाला घट्ट ग्रीस लावतात म्हणजे बुरादा त्याला चिकटून बाहेर येतो. दर काही सेकंदांनी थांबून ग्रीस पुसायचे आणि नवे लावायचे. त्यानंतर १/८ इंच एनपीटीचा (अमेरिकी पाइपाच्या आट्याचा) टॅप, म्हणजे आटा पाडणारे हत्यार. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. हा आटा निमुळता असल्याने टॅप पूर्ण आत घालायचा नाही, नाहीतर प्रोबचा नट घट्टच बसत नाही. उरलेला बुरादा टर्बाइनकडे जाऊ नये म्हणून काही जण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर इंजिन चालू ठेवून पाडतात, म्हणजे आतला दाब कण बाहेर उडवतो. काम होते, पण गरम कण थेट तोंडाकडे येतात. एक दिवस हाताशी असेल तर टर्बो उतरवून मॅनिफोल्ड आतून साफ करून घेणे केव्हाही चांगले. ज्या टर्बाइनचे फेरे मिनिटाला एक लाखाच्या वर जातात, तिच्या वाटेत लोखंडाचा कण ठेवण्यात शहाणपण नाही. बसवताना आट्याला अँटी-सीझ (आटा जाम होऊ न देणारे वंगण) लावले तर पुढे प्रोब बदलताना नट निघतो.

प्रोब म्हणजे ‘के’ प्रकारचे थर्मोकपल: दोन वेगळ्या निकेल मिश्रधातूंच्या तारांचा जोड. सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलेल्या परिणामानुसार तापलेल्या जोडात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. ७०० अंश सेल्सिअसला तो भरतो जेमतेम २९ मिलिव्होल्ट. एवढ्या नाजूक संकेतात मधे साध्या तांब्याची तार जोडली की नवे जोड तयार होतात आणि आकडा बिघडतो. त्यामुळे तार कापायची नाही. उरली तर गुंडाळून डॅशबोर्डच्या मागे बांधायची. दुसरी फसवी गोष्ट रंगाची. अमेरिकी पद्धतीत ‘के’ थर्मोकपलची पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. आयुष्यभर लाल म्हणजे धन असे धरून चाललेला हात इथे हमखास चुकतो, आणि इंजिन तापले की काटा उलटा शून्याच्या खाली जातो.

बूस्टचा गेज त्या मानाने सरळ. इनटेक मॅनिफोल्डमधून बारीक नायलॉनची नळी काढून ती गेजपर्यंत आणतात. आत बूर्दाँ नळी असते, म्हणजे दाब वाढला की सरळ होऊ पाहणारी वाकडी धातूची नळी. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि ती आजही तशीच चालते. नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आणताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार ती हळूहळू कापते.

बूस्ट आणि पायरोमीटर एकत्र वाचले की खरा फायदा होतो. बूस्ट कमी आणि तापमान जास्त असेल तर हवा कमी पडते आहे: इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज सुटला किंवा फाटला, एअर फिल्टर तुंबला, नाहीतर टर्बो अडखळतो आहे. बूस्ट कमी आणि तापमानही कमी, गाडीला ओढ नाही, तर डिझेल कमी पडते आहे. आधी डिझेलचा फिल्टर पाहावा. एकट्या काट्यावरून यातले काहीच ठामपणे सांगता येत नाही. इंजिन बंद करतानाही पायरोमीटर कामाचा: चढ चढून थांबल्यावर काटा ३००-४०० अंश फॅरनहाइटपर्यंत उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवले तर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून कोळसा होत नाही.

गिअरबॉक्सच्या तेलात जागेचा प्रश्न पुन्हा येतो. चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) बसवलेला सेन्सर सरासरी तापमान देतो आणि ते संथपणे बदलते. टॉर्क कन्व्हर्टरमधून (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या भागातून) कूलरकडे जाणाऱ्या गरम पाइपात बसवला तर वाहनतळावर ट्रेलर मागे घेतानाच काटा झपकन उडी मारतो. पहिला तेलाच्या आयुष्याबद्दल सांगतो, दुसरा आत्ता काय चालले आहे ते. चेंबरमध्ये १७५ ते २०० अंश फॅरनहाइट ठीक; २२५ च्या वर जायला लागले की गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे वाढवून तेल फिरू द्यावे.

डिझेलच्या दाबाच्या गेजची ख्याती १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या डॉज गाड्यांमुळे. त्यांतल्या २४ व्हॉल्व्हच्या कमिन्सवर बॉशचा व्हीपी४४ इंजेक्शन पंप होता. त्याला वंगण आणि थंडावा दोन्ही त्याच्यातून वाहणाऱ्या डिझेलकडूनच मिळते. त्याला डिझेल पुरवणारा इंजिनावरचा छोटा लिफ्ट पंप मात्र कमजोर होता आणि तो गुपचूप मरत असे. गाडी चालत राही, महागडा व्हीपी४४ उपाशी राहून खराब होई, आणि मालकाला कळे ते रस्त्यात बंद पडल्यावर. दाब १० पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नये, हा नियम या गाड्यांच्या मालकांना तोंडपाठ असतो. सेन्सर फिल्टरच्या पुढे, व्हीपी४४ च्या तोंडाशी हवा. फिल्टरच्या आधी लावला तर फिल्टर तुंबल्याचे कळणारच नाही. डिझेलने भरलेली नळी केबिनमध्ये आणून यांत्रिक गेजला जोडू नये. इलेक्ट्रिक सेंडर (दाब विजेच्या संकेतात बदलणारा सेन्सर) लावावा, आणि लिफ्ट पंपाच्या धक्क्यांनी तो मरू नये म्हणून मधे छोटा नीडल व्हॉल्व्ह.

फोर्डच्या २००३ ते २००७ च्या ६.० लिटर इंजिनाने एक निराळा धडा दिला. त्याचा ऑइल कूलर ब्लॉकच्या मधल्या दरीत बसतो. त्याच्या बारीक वाटा कूलंटमधल्या गाळाने तुंबतात, मग पुढच्या ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्ट थंड करणाऱ्या भागाला) कूलंट मिळत नाही आणि तो फुटतो. या बिघाडाची चाहूल देतो तो दोन तापमानांतला फरक. इंजिन नीट गरम होऊन सपाट रस्त्यावर धावत असताना तेल कूलंटपेक्षा १५ अंश फॅरनहाइटहून जास्त गरम असेल तर कूलर तुंबायला लागला असे समजतात. हे दोन्ही आकडे गाडीच्या संगणकात आधीच असतात, म्हणून इथे नवे भोक न पाडता ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडणी करायच्या सॉकेटला) लावायचा डिजिटल डिस्प्ले पुरतो. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या नव्या गाड्यांत तर एक्झॉस्टमध्ये कारखान्याचेच अनेक तापमान सेन्सर असतात. तिथेही कोणता सेन्सर कुठे आहे हे पाहिल्याशिवाय आकडा वाचू नये.

गेज बहुधा ५२ मिमी (२ १/१६ इंच) व्यासाचे असतात आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर प्लास्टिकच्या पॉडमध्ये बसतात. खांबाच्या आवरणामागे पडदा-एअरबॅग असेल तर तिथे पॉड लावणे धोक्याचे. डॅशबोर्डवर दुसरी जागा शोधावी. वीज चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सर्किटमधून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्यायची. एक तारेचे सेंडर आट्यातूनच अर्थ घेतात. त्यावर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळले की अर्थ तुटतो आणि काटा वेडावाकडा नाचतो.

भारतातल्या मालवाहू पिकअपांत बहुतेक मॅन्युअल गिअर असल्याने गिअरबॉक्सचा गेज लागत नाही, आणि जादा गेज दिसतात ते मुख्यतः हौशी मालकांच्या गाड्यांत. पण रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढणाऱ्या पिकअपच्या टर्बोलाही उष्णतेचे नियम तेच आहेत. तिथे एकच गेज लावायचा असेल तर तो पायरोमीटर असावा, आणि त्याचा प्रोब टर्बोच्या आधी.