वार्तापट वेगळा, माहितीपट वेगळा

1940-50च्या दशकातली एखादी कृष्णधवल चित्रफीत समोर येते. मागे बँडचं संगीत, त्यावर खणखणीत आवाजातलं निवेदन, जहाजावरून उतरणारा कुणी पुढारी, हात हलवणारी गर्दी. खाली लिहिलेलं असतं, ‘दुर्मीळ डॉक्युमेंटरी’. बहुतेक वेळा ती डॉक्युमेंटरी नसते, वार्तापटातला म्हणजे न्यूजरीलमधला तुकडा असतो. याच्या उलट घोटाळाही तितकाच चालतो. माहितीपटासाठी जुळवून आणलेलं, चारदा तालीम करून टिपलेलं दृश्य ‘प्रत्यक्ष घटनेचं चित्रण’ म्हणून फिरत राहतं. पहिल्या चुकीने फक्त चिडचिड होते. दुसरीने इतिहासाचा पुरावा बिघडतो, म्हणून हे एकदा सविस्तर लिहायचं होतं.

माहितीपट म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर थोडक्यात. दिग्दर्शक असतो, विषय असतो, महिनोन् महिने काम चालतं, शेवटी श्रेयनामावली येते. या प्रकाराला इंग्रजीतलं नाव मिळालं ते जॉन ग्रिअरसनने 1926 साली रॉबर्ट फ्लाहर्टीच्या एका चित्रपटाबद्दल लिहिताना तो शब्द वापरला तेव्हापासून. माहितीपट म्हणजे वास्तवाची सर्जनशील मांडणी, अशी व्याख्याही त्यानेच पुढे रुळवली. त्यातला ‘सर्जनशील’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वार्तापट हा थिएटरातल्या पडद्यावरचा बातमीचा अंक. मुख्य चित्रपटाआधी दाखवला जायचा, साधारण आठ-दहा मिनिटांचा, आणि त्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा बातम्या: एक राजकारणाची, एक पुराची, एक घोड्यांच्या शर्यतीची, शेवटी फॅशन नाहीतर प्राणिसंग्रहालयातलं अस्वलाचं पिल्लू. फ्रान्समध्ये पाथे कंपनीने 1908च्या सुमारास ही प्रथा सुरू केली, 1910मध्ये ती ब्रिटनला पोचली. भरभराटीच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत आठवड्याला दोन अंक निघत. आठवडा उलटला की अंक शिळा. टीव्हीवर रोज संध्याकाळी बातम्या दिसू लागल्यावर हा धंदा टिकणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत मूव्हीटोन 1963ला थांबलं, युनिव्हर्सल 1967ला, ब्रिटनमध्ये पाथे 1970ला.

लांबी, रंग, निवेदकाचा सूर यांवरून हे दोन प्रकार ओळखायच्या भानगडीत पडू नका. दहा मिनिटांचे माहितीपट ढिगाने आहेत, रंगीत वार्तापटही निघाले, आणि तो खणखणीत आवाज दोन्हीकडे आहे. त्या काळी पडद्यावर बोलायची रीतच तशी होती.

खरा फरक क्रियापदात आहे. वार्तापट म्हणतो, ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे घडलं.’ माहितीपट म्हणतो, ‘हे असं असतं.’ एवढं मनात पक्कं झालं की बाकीचा गुंता आपोआप सुटत जातो.

‘नाइट मेल’ हा 1936चा ब्रिटिश माहितीपट घ्या. रात्रीची टपालगाडी लंडनहून स्कॉटलंडकडे धावते आहे आणि चालत्या डब्यात उभे राहून कर्मचारी पत्रं खणाखणांत टाकताहेत. माणसं खरी, टपाल खात्यातलीच. डबा मात्र स्टुडिओत उभारलेला होता. गाडी हलतेय असं वाटावं म्हणून त्या माणसांना उभ्या जागी डुलायला सांगितलं होतं. ही फसवणूक झाली का? माझ्या मते अजिबात नाही. ‘टपालगाडीत काम असं चालतं’ एवढंच तो चित्रपट सांगतो आणि ते खरंच तसं चालायचं. पण त्यातलं एखादं दृश्य कापून कुणी ‘1936 साली धावत्या गाडीत केलेलं चित्रण’ म्हणून दाखवलं, तर ते खोटं ठरतं. चित्रपट तोच, चौकटी त्याच. ‘असतं’च्या जागी ‘घडलं’ टाकलं की खऱ्याचं खोटं होतं.

फ्लाहर्टीने 1922च्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या इन्युइट (एस्किमो) लोकांवरच्या माहितीपटात हेच केलं होतं. इग्लूच्या म्हणजे बर्फाच्या घराच्या आतलं दृश्य टिपायला उजेड पुरेना, म्हणून अर्धीच भिंत असलेलं इग्लू बांधून घेतलं आणि कुटुंबाला त्यात झोपायचं-उठायचं नाटक करायला सांगितलं. माहितीपटात घटना जुळवून आणणं ही तेव्हा कामाची मान्य पद्धत होती. कॅमेरे जड, फिल्म मंद, दिव्यांशिवाय आत काही दिसायचं नाही. दुसरा मार्ग तरी कोणता होता?

आता वार्तापटवाल्याकडे बघू. त्याच्या हातात बहुधा आयमोसारखा चावी भरून चालणारा 35 मिलिमीटरचा कॅमेरा. आत शंभर फुटांचं रीळ. सेकंदाला 24 चौकटी या वेगाने शंभर फूट फिल्म जेमतेम 67 सेकंद चालते. एक मिनिट आणि वर सात सेकंद! मिरवणूक दोन तासांची असो की विमान धावपट्टीवर कोसळलेलं असो, दर 67 सेकंदांनी रीळ बदलायचं. म्हणून ते शॉट इतके तुटक असतात: तीन सेकंद गर्दी, चार सेकंद मोटार, दोन सेकंद चेहरा. तालमीला सवड नाही, दुसऱ्यांदा घ्यायची सोय नाही. वार्तापटाच्या चित्रावर माझा विश्वास बसतो तो या घाईमुळे.

आवाजावर मात्र बसत नाही, आणि इथे जाणती माणसंही फसतात. तो हातातला कॅमेरा मुका होता. आवाज टिपायची यंत्रणा वेगळी आणि इतकी बोजड, की ती गाडीत घालून न्यावी लागे. भाषण आधी ठरलेलं, जागा ठरलेली, तर ती गाडी तिथे उभी राही. 1927च्या मे महिन्यात लिंडबर्गचं विमान अटलांटिक ओलांडायला निघालं, तेव्हा मूव्हीटोनने इंजिनाच्या आवाजासकट ते उड्डाण टिपलं, ते असंच. पण रस्त्यावरचा जमाव, पूर, आग, लढाई यांचा आवाज बहुतांशी नंतर संकलनाच्या टेबलावर चढवलेला असतो. टाळ्या साठ्यातल्या, घोषणा साठ्यातल्या, तोफाही साठ्यातल्या. एखादा अंक आधी आवाज बंद करून बघा आणि मग चालू करून. गर्दीतले ओठ एक म्हणतात आणि कानावर दुसरंच पडतं. टाळ्या सुरू होतात तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाचे हात खिशात असतात. त्यामुळे ‘त्या दिवशीचा जनतेचा जयघोष ऐका’ असं कुणी लिहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो जयघोष कुठल्या दिवशीचा, कुठल्या देशातला, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा खड्डा तारखेचा. अभिलेखागाराच्या नोंदीत वार्तापटापुढे जी तारीख असते ती बहुधा अंक प्रकाशित झाल्याची, चित्रणाची नव्हे. फिल्म जहाजाने किंवा विमानाने यायची, धुतली जायची, कापली जायची, मग थिएटरात पोचायची. दूरच्या घटनेत हे अंतर आठवड्यांचंही असायचं. ब्रिटिश वार्तापटांच्या बाबतीत काही ठिकाणी कॅमेरामनची ‘डोप शीट’ टिकून आहे. फिल्मबरोबर तो जो कागद पाठवायचा तो हा: कुठे, कधी, कोण, कुठल्या शॉटमध्ये काय. नशिबाने हा कागद सापडला तर निवेदकाच्या आवाजापेक्षा त्याच्यावर विसंबा. निवेदन कचेरीत बसून लिहिलेलं असतं, कागद घटनास्थळी उभ्या असलेल्या माणसाचा.

माहितीपटात कधीच काही ‘घडलेलं’ नसतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धातले दोन अमेरिकी माहितीपट शेजारी ठेवून बघा. जून 1942मध्ये मिडवे बेटावर जपानी विमानं आली तेव्हा दिग्दर्शक जॉन फोर्ड 16 मिलिमीटरची रंगीत फिल्म घेऊन तिथे हजर होता आणि जखमीही झाला. बॉम्ब पडतो, चित्र उडतं, चौकटीची कड पडद्यावर दिसते, कारण स्फोटाच्या हादऱ्याने फिल्म खाचेतून सरकली होती. जॉन ह्यूस्टनचा सॅन पिएत्रोच्या लढाईवरचा चित्रपट 1945चा, लढाई इटलीतली, डिसेंबर 1943ची. तिथेही कॅमेरा थरथरतो, माती उडते, जवान पुढे सरकतात. पण त्यातली लढाईची बहुतेक दृश्यं लढाई संपल्यावर खऱ्या जवानांकडून करवून घेतलेली आहेत. ह्यूस्टनचा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो. पायदळाच्या लढाईचा शीण इतक्या जवळून दाखवणारं त्या काळातलं फारसं काही नाही. मात्र त्यातले तुकडे ‘सॅन पिएत्रोच्या हल्ल्याचं प्रत्यक्ष चित्रण’ म्हणून वापरणं साफ चूक आहे. आयझेनस्टाइनच्या 1928च्या ‘ऑक्टोबर’ या कथापटातला विंटर पॅलेसवरचा हल्ला तर रशियन क्रांतीचं खरं चित्रण म्हणून आजवर कितीदा दाखवला गेला असेल. घटना 1917ची, चित्रण दहा वर्षांनंतरचं.

‘मार्च ऑफ टाइम’चं काय, असं कुणीतरी विचारणारच. 1935 ते 1951 या काळात निघालेली ही अमेरिकी मालिका यादीत वार्तापटांबरोबर ठेवतात. ती महिन्याला एकदा यायची, वीसेक मिनिटं चालायची आणि प्रसंग बिनदिक्कत नटांकडून करवून घ्यायची. माझ्या लेखी तो माहितीपटच.

गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. वार्तापटांचा धंदा बुडाला तरी त्यांची फिल्म कपाटांत राहिली आणि माहितीपटवाले ती विकत घेऊन वापरू लागले. आज आपण जे ‘जुनं फुटेज’ बघतो ते बरंचसं असं दुसऱ्या हाताने आलेलं असतं. एका कॅमेरामनने ‘घडलं’ म्हणून टिपलं, दुसऱ्या संकलकाने ‘असतं’ म्हणून चिकटवलं. आलँ रेनेने छळछावण्यांवरच्या 1956च्या ‘नाइट अँड फॉग’मध्ये हा सांधा उघडा ठेवला: जुनं साहित्य कृष्णधवल, त्याने स्वतः टिपलेल्या ओसाड जागा रंगीत. बघणाऱ्याला क्षणभरही शंका राहत नाही. आता संगणकाने रंग भरून, मधल्या चौकटी तयार करून चित्र गुळगुळीत करायची जी लाट आलीय, ती नेमका हाच सांधा पुसून टाकते. कोटाचा तो निळा रंग कुणी पाहिलेला नाही, ती मधली चौकट कुठल्याही कॅमेऱ्यात कधी उमटलेली नाही. असलं काही मी बघत नाही आणि कुणाला पाठवतही नाही.

शोधायची पद्धतही दोन्हींची निराळी. माहितीपट शोधायचा तर दिग्दर्शक, निर्माती संस्था किंवा पैसा पुरवणारी कंपनी यांच्या नावाने. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड 1939पासून काम करतंय आणि त्यांच्या संकेतस्थळावर जुने माहितीपट फुकट बघायला मिळतात. शाळेसाठी, कारखान्यासाठी, जाहिरातीसाठी बनवलेले विस्मृतीत गेलेले चित्रपट हवे असतील तर इंटरनेट आर्काइव्हवरचा प्रेलिंगर संग्रह. वार्तापट मात्र तारखेने आणि जागेच्या तेव्हाच्या नावाने शोधावा लागतो. ‘बीजिंग’ घालून काही मिळालं नाही तर ‘पेकिंग’ घाला, ‘श्रीलंका’ऐवजी ‘सिलोन’. ब्रिटिश पाथेने 2014मध्ये सुमारे 85,000 फिती यूट्यूबवर टाकल्या. स्पेनचा ‘नो-दो’, इटलीचा ‘लुचे’ यांचे साठेही खुले आहेत. या दोन्हींवर हुकूमशाही राजवटीची पकड होती हे डोक्यात ठेवून बघा. अमेरिकेत युनिव्हर्सलचे अंक राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत आणि ते कुणीही वापरू शकतं.

पाथेच्या यादीत काही शीर्षकांपुढे ‘अनइश्यूड’ असा शेरा दिसतो, म्हणजे अंकात न घेतलेलं चित्रण. लोक त्यावरून पुढे जातात, कारण त्यात बहुधा संगीत नसतं, निवेदन नसतं, कधीकधी तर काय चाललंय तेही कळत नाही. युनिव्हर्सलच्या अशाच न वापरलेल्या चित्रणाचा प्रचंड साठा नायट्रेट फिल्मवर, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मवर होता. डिसेंबर 1978मध्ये मेरिलँडमधल्या सूटलँडच्या कोठारांना आग लागली आणि त्यातली सव्वा कोटी फुटांच्या आसपास फिल्म जळाली. प्रकाशित अंक वाचले, गेली ती कात्री न लागलेली रिळं. पाथेकडची अजून आहेत. त्यांत मोटार कॅमेऱ्यापुढून निघून जाते, निवेदक काही बोलत नाही, आणि रस्त्यावरची माणसं वळून आपापल्या कामाला लागतात. पुढाऱ्याकडे पाठ फिरवून शेंगा सोलणारा एक मुलगा, टोपी सावरणारी एक बाई, शेवटची पांढरी चौकट. मी यादी उघडली की आधी हाच शेरा शोधतो.